नर्सबाईंच्या गाडीचा कार्बोरेटर

मित्रांनो, आमच्या क्रीम रंगाच्या छोट्या गाडीचे बॉनेट उघडून वाकून पाहिलेत, तर पेट्रोलचा वास मारणारा एक काळवंडलेला, जुना कार्बोरेटर तुम्हाला दिसेल. तो मी. हवा आणि पेट्रोल बेताने मिसळून इंजिनाला भरवायचे, हे माझे काम. माझ्या गळ्यात बिस्किटाएवढी एक गोल चकती आहे. ती एका बारीक दांडीवर, म्हणजे शाफ्टवर, दारासारखी फिरते. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दार उघडते, पाय उचलला की मिटते.

कारखान्यात वितळलेला धातू साच्यात ओतून मला घडवले. मग मी या गाडीवर बसलो आणि गाडी नर्सबाईंकडे आली. त्या बाळंतपणे करीत, अडलेल्या बाईला गाडीतून दवाखान्यात नेत. कुठे कोणाला कळा सुरू झाल्या की बाई पिशवी उचलत, बॉनेटवर थाप मारून म्हणत, "चल रे बाळा!" आणि आम्ही निघत असू. चढ असो, चिखल असो, मी कधी दगा दिला नाही. लोक म्हणत, "बाईंच्या आधी बाईंची गाडी ऐकू येते!" तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगे.

पण सतत फिरून फिरून माझा शाफ्ट झिजला. तो ज्या भोकांत फिरे, तीही लांबट झाली. त्या फटीतून चोरटी हवा आत शिरू लागली. वेगात असताना काही कळत नसे. मात्र सिग्नलला थांबलो की इंजिन आचके देऊन बंद पडे. मागून हॉर्नचा नुसता गलका! कोणी मेकॅनिकने प्लग बदलले, कोणी माझे स्क्रू पिळले. दुखणे तसेच राहिले.

पुढे बाईंची लेक बाळंतपणाला माहेरी आली. एके दिवशी जावई म्हणाले, "आई, आता ही गाडी भंगारात द्या. आणि हिला दिवस भरत आलेत, हिला या गाडीत मुळीच बसवू नका."

बाईंनी त्या दिवशी भांडी फार आपटली. जगाच्या लेकीसुना त्यांनी या गाडीतून सुखरूप पोचवल्या होत्या, आणि पोटची लेक तेवढी बसायची नाही!

सकाळी त्या मला लेथ यंत्रावर धातू कातणाऱ्या टर्नरकडे घेऊन गेल्या. हा आडदांड, बडबड्या माणूस बाईंच्याच हातांवर जन्मलेला. त्याने चालू इंजिनात माझ्या शाफ्टच्या टोकाशी तेल सोडले. तेलाने फट बुजली आणि इंजिन क्षणभर शहाण्यासारखे चालले.

"सापडला चोर!" तो ओरडला. "बाई, हा शाफ्ट पडायला आलेल्या दातासारखा हलतोय. बुश बसवतो, नवा शाफ्ट घालतो. चुटकीसरशी!"

त्याने मला उघडले, भोके मोठी केली, त्यांत बुश, म्हणजे छोटी पितळी नळकांडी, ठोकले. पण नवा शाफ्ट घातला तर तो जागचा हलेना! समोरासमोरची भोके एका रेषेत आलीच नव्हती. टर्नरचा चेहरा पडला.

बाई चष्मा सावरत म्हणाल्या, "पायाळू रे तू! जन्मतानाही सरळ आला नाहीस, आणि आज भोकही सरळ पाडलं नाहीस."

सगळे वर्कशॉप हसले. टर्नरही हसला. मग त्याने बुश काढले आणि या वेळी दोन्ही बाजू एकाच दमात, आरपार कापल्या. शाफ्ट लोण्यात फिरावा तसा फिरला. चकती मिटवून त्याने मला उजेडासमोर धरले. कडेने सगळीकडे सारखी, केसाएवढीच रेघ दिसली.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, लेकीला कळा सुरू झाल्या. जावयांची नवी गाडी त्यांच्या भावाने लग्नाला नेली होती. नाइलाजाने सगळे आमच्या गाडीत बसले. आणि वाटेत रेल्वेचे फाटक पडले! मालगाडी संपता संपेना. लेक कण्हत होती. इंजिनाचा आवाज येईना, तसे जावई घाबरून म्हणाले, "बघा, बंद पडली ना! मी सांगत होतो!"

"बंद नाही पडली, जावईबापू. डॅशबोर्डवर हात ठेवून बघा."

त्यांनी हात ठेवला. मंद, एकसारखी थरथर त्यांच्या तळव्याला जाणवली. ते ओशाळून हसले. कळ सोसतानाही लेकीला हसू आले. फाटक उघडताच बाईंनी गाडी अशी सोडली की आम्ही वेळेत दवाखाना गाठला. मुलगी झाली, आणि रडली तीही हॉर्नच्या वरताण!

मित्रांनो, कोणतीही वस्तू कुरकुरू लागली, तर टाकून देण्याआधी तिचे नेमके काय झिजले आहे ते बघा. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला बुश आणि तेलाचा थेंब पुरतो.

आता मला गप्पा आवरल्या पाहिजेत. ती तान्ही पोर पाळण्यात झोपत नाही. तिला उभ्या गाडीच्या चालू इंजिनाची थरथरच लागते. जावई तिला मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसले आहेत आणि सासूबाईंना कुजबुजून सांगत आहेत, "आई, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय अजिबात दाबू नका हं. आत्ताच डोळे मिटलेत."