झोपेतून उठल्यावर

नखाएवढं ते मेमरी कार्ड, पाठीवर सोनेरी पट्ट्या, त्यांतल्या एकीवर ओरखडा – इतक्यांदा काढलं-घातलं, ओरखडा पडणारच... त्यानं ते पुन्हा खाचेत सरकवलं. टक्. पडद्यावर ओळ आली: कार्ड सापडलं. सापडणारच. पहिल्या वेळी सापडतंच ते. यंत्राला झोपवा, उठवा, आणि मग बघा मजा. त्यानं झोपवलं, उठवलं. कार्ड सापडत नाही. अरे, तुझ्या नाकासमोर आहे ते!

जुन्या सर्किट बोर्डावर ही कटकट नव्हती. तिथं सगळं एकाच पोटात. नव्या बोर्डावर दोन कारभारी – कार्डाशी काय बोलायचं ते कंट्रोलर ठरवणार, आणि ते बोलणं तारेवर प्रत्यक्ष घालणार तो फाय, त्याची वीज वेगळी, नखरे वेगळे – आणि ह्या दोघांना कामाला लावणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामला, फाय म्हणून कुणी असतो ह्याचा पत्ताच नाही. तो पत्ता द्यायचं काम ह्याच्या गळ्यात. दिला. आधी फायला उठव, तयार झाल्याची त्याची खूण येईपर्यंत थांब, मग कंट्रोलरचं घड्याळ सुरू कर. ह्यात न कळण्यासारखं काय आहे?

फोन वाजला. मेहुणी.

"भावजी, टेम्पोवाला विचारतोय. आज येऊ दे ना?"

"हे काम होऊ दे गं. मग बघू."

"तुमचं ते कार्ड तुम्ही म्हातारे होईपर्यंत चालायचं नाही! अहो, आमच्या शेजारच्या आजोबांचं खुब्याचं हाड मोडलंय. त्यांना ती खाट झोपायला हवीय, तुम्हाला नुसती बघायला."

त्यानं फोन ठेवला. नुसती बघायला... बरं, मग? बायको आजारी पडल्यावर आणलेली ती दवाखान्यातल्यासारखी लोखंडी खाट, बायको गेल्यावरही बाहेरच्या खोलीत तशीच, स्वच्छ चादर घातलेली, आणि हा खाटेजवळच्या कोचावर मान वाकडी करून झोपतो. असेल. माझं घर आहे. 'काम झालं की नक्की ने' असं मेहुणीला सांगून बसलो, हा मूर्खपणा. आणि काम होत नाही म्हणून सकाळपासून डोकं फिरलंय, ते तरी कशाला फिरावं? न होण्यातच सोय आहे की...

हा विचार त्याला आवडला नाही. त्यानं उगाच कार्ड काढून पुन्हा घातलं.

मागे कुणीतरी उभं होतं. शंकासुर. प्रत्येकाचा कोड तपासल्याशिवाय पुढे न सोडणारा, म्हणून कचेरीनं ठेवलेलं नाव.

"इथं थांबायचं लिहिलंयस. कशाला?"

"फाय उठावा म्हणून."

"आणि तो उठला, हे कशावरून?"

"पहिल्या वेळी उठतो ना! खूण येते. बघ."

"येते, की आलेलीच असते?"

"तू जा बाबा," तो म्हणाला. शंकासुर हसला आणि गेला.

आलेलीच असते. काय बोलतो हा माणूस... तरी त्यानं आपल्या ओळींच्या आधी, अगदी सुरुवातीला, खूण पडद्यावर छापून पाहिली. होती. ह्यानं काही करायच्या आधीच फाय जागा होता. यंत्र चालू होताना चालणाऱ्या त्या छोट्या प्रोग्रामनं त्याला परस्पर उठवून ठेवलं होतं, आणि ह्याचा ड्रायव्हर मागाहून येऊन खूण बघून मान डोलवत होता. झोपेनंतर तो छोटा प्रोग्राम नसतो. तेव्हा हा फायला हाका मारतो, पण घड्याळाचे ठोके मिळाल्याखेरीज फाय तयारच होत नाही, आणि घड्याळ तर ह्यानं मागे ठेवलेलं. क्रमच उलटा. म्हणजे ह्याच्या कोडनं फायला एकदासुद्धा उठवलेलं नव्हतं.

त्यानं ओळी खालीवर केल्या. झोपवलं, उठवलं. कार्ड सापडलं. पुन्हा. सापडलं.

आनंद कुठे आहे? दुसरंच काहीतरी वर येत होतं. रात्री तो खाटेची डोक्याकडची बाजू खाली करायचा, बायको म्हणायची, झोपा आता तुम्ही. सकाळी डोळे उघडावेत तर ती टेकून बसलेली, केस विंचरलेले. म्हणायची, रात्री बरी झोप लागली हो. आणि तो मेहुणीला सांगायचा, डॉक्टरांना सांगायचा – नवं औषध लागू पडलंय, मी वेळेवर देतो ना. पण खाटेची ती बाजू तर सकाळी वर असायची. कुणी केली वर? फिरवायचा दांडा पायथ्याशी. म्हणजे आडवं पडून तिला झोप येतच नव्हती, ती उतरत होती. त्या अंगानं, अंधारात, भिंत धरून पायथ्याशी जाऊन दांडा फिरवत होती, आवाज न करता, आणि परत चढून बसत होती... मला जाग येण्याआधी.

अगं, हाक मारायला काय झालं होतं? मी काय परका होतो? मी डॉक्टरांना खोटं सांगत राहिलो, तू मला सांगायला लावलंस!

फोन पुन्हा वाजला. मेहुणी. त्यानं पाहिलं, उचलला नाही. त्याला कुणाशी बोलायचं नव्हतं, एकीशी सोडून. आजवर तो सगळ्यांवर चिडला होता – बोर्डावर, शंकासुरावर, टेम्पोवाल्यावर – आणि तिच्याबद्दल नुसता हळवा होत राहिला होता, फोटोसमोर व्हावं तसा. आता तो तिच्यावर संतापला होता, लग्नानंतर पहिल्या वर्षी संतापायचा तसा, कान गरम होईपर्यंत... आणि कितीतरी दिवसांनी त्याला घरी जायची घाई झाली होती.