वेलिकाच्या बासरीचं लाकूड

वेलिकाने गाडीचं दार धाडकन लावलं आणि आतून कडकन आवाज आला. दारात तिच्या कावालचं खालचं टोक सापडलं होतं. कावाल म्हणजे तीन तुकडे एकात एक बसवून केलेली मेंढपाळांची लांब बासरी. ही तिच्या वडिलांनी, रुसी मेंढपाळाने, स्वतःच्या हाताने केलेली. रुसीला जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. वरचे दोन तुकडे शाबूत राहिले, पण शेवटच्या वीतभर तुकड्याच्या पाच चिरफळ्या झाल्या.

त्या चिरफळ्या रुमालात बांधून ती गेन्को कातारीकडे आली. आमच्या गावात लेथवर लाकूड कातणारा तो एकटाच.

"मिस्त्री, एवढा तुकडा नवा करून द्या. पण लाकूड हेच पाहिजे."

"जर्दाळूचा करून देतो. वाजायला झकास."

"जर्दाळूच्या दोन वाजवल्यात मी. गोड वाजतात. हिचा आवाज जरा घोगरा आहे, तोच मला हवाय."

"बरं, मग हे कुठलं लाकूड ते सांगा."

"मला माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते? बाबांना विचारलं की म्हणायचे, झाडाचं आहे."

गेन्को हसला आणि एक चिरफळी त्याने उजेडात धरली. मग त्याचं हसू थांबलं. बाहेरून लाकूड तेल पिऊन पिऊन काळपट झालेलं, पण तुटलेल्या जागी ते हळदीसारखं पिवळं होतं, आणि त्या पिवळ्यातून हिरव्या रेघा गेलेल्या. काही ठिकाणी तर ऑलिव्हच्या ताज्या तेलासारखी झाक. चौतीस वर्षं तो लाकूड कातत होता. असलं काही त्याच्या हाताखालून गेलं नव्हतं.

"ठेवून जा," तो म्हणाला. "बघतो."

त्या आठवड्यात त्याचं दुसऱ्या कुठल्या कामात लक्ष लागेना. त्याने तुतीचा ओंडका फोडून शेजारी ठेवला. पिवळा होता, पण हिरव्याचा मागमूस नाही. बाभळीसारखं काटेरी पांढऱ्या फुलांचं झाड आमच्या रस्त्याकडेला असतं, त्याचा तुकडा घेतला. हिरवट होता, पण रेषा फार जाड. त्याने चिरफळीचा कोपरा चावून बघितला, तोंड तुरट झालं. घासून वास घेतला, तर कैरीचा देठ मोडल्यावर चीक येतो ना, तसलं काहीतरी उग्र. सॉ मिलवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, "परदेशी माल आहे. आफ्रिकेतला."

"रुसी मेंढ्या घेऊन आफ्रिकेत चरायला जात होता काय?" गेन्को म्हणाला आणि तुकडा खिशात टाकून परत आला.

शनिवारी दुपारी त्याने एक चिरफळी काचकागदावर घासघासून गुळगुळीत केली, रेषा नीट दिसाव्यात म्हणून. हात पिवळ्या भुशाने भरले. तसाच स्वयंपाकघरात गेला आणि सासूने घरी केलेल्या साबणाने धुवायला लागला. भुसा साबणात भिजला आणि मोरीत लालभडक पाणी वाहायला लागलं.

त्याची सासू, मिताआजी, चुलीपाशी मिरच्या भाजत होती. गेन्कोची बायको ग्रीसमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला गेल्यापासून घरात ही दोघंच, आणि दोघांचं पटायचं ते एकमेकांना टोमणे मारण्यापुरतंच.

"जावईबापू, कुणाचा मुडदा पाडून आलात?"

"लाकूड आहे, सासूबाई. पण बघा ना, साबण लागला की लाल होतंय!"

म्हातारीने चिमटा खाली ठेवला. त्याचा ओला हात ओढून नाकाशी नेला. मग मान मागे टाकून खो खो हसली.

"माझी आजी ह्यात लोकर रंगवायची. पांढरे मोजे नारिंगी व्हायचे. अहो, स्म्राद्लिका आहे ही!"

"स्म्राद्लिका? ती पानांची?"

तिने कपाट उघडून वाळक्या पानांची बरणी त्याच्यापुढे आपटली. "दाढ दुखली की कशाच्या चुळा भरता? गेल्या महिन्यात रात्रभर कण्हत होतात, तेव्हा काय दिलं होतं मी?"

"पण ते तर झुडूप. बोटाएवढ्या काटक्या असतात त्याच्या."

"पानं ओरबाडून ओरबाडून तुम्ही लोकांनी त्याला मोठं कधी होऊ दिलंय? जन्म लाकडात गेला, आणि दाराशी काय उभं आहे ते माहीत नाही!"

गेन्कोला राग यायला हवा होता. पण तो लहान पोरासारखा ती पानं हुंगत बसला.

दुसऱ्या दिवशी तो आणि वेलिका गावामागच्या चुनखडीच्या डोंगरावर चढले. ऑक्टोबर संपत आला होता आणि स्म्राद्लिकेने अख्खा उतार लालेलाल केला होता. शोधायचे कष्टच नव्हते. पण जी दिसे ती अंगठ्याएवढी आणि पिळवटलेली. तीन तासांनी एका कपारीत मनगटाएवढं खोड मिळालं. गेन्कोने त्याची फांदी करवतीने कापली. आत तोच रंग, तीच हिरवी रेघ. त्याने बोट फिरवलं. ओलं होतं.

"मिळालं की!" वेलिका म्हणाली.

"मिळालं. आता हे कापून सावलीत ठेवायचं आणि तुम्ही तीन वर्षांनी यायचं. ओलं कातलं तर आठवड्यात फाटेल."

वेलिका दगडावर बसली. तिने सोबत आणलेली चीज घातलेली पोळी मोडून अर्धी त्याला दिली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "आमचे बाबा लाकडासाठी डोंगर चढणाऱ्यातले नव्हते. महाआळशी माणूस. हाताशी असेल ते घ्यायचे."

"हाताशी काय असायचं त्यांच्या?"

"मेंढ्यांचा वाडा. आणखी काय?"

रुसीचा वाडा आता मेतोदी नावाच्या माणसाकडे होता. त्याने तिथे शेळ्या पाळल्या होत्या. दोघं उतरून तिथे पोचले तेव्हा तो दूध काढत होता. गेन्कोने विचारलंदेखील नाही, सरळ कुंपणाशी जाऊन चाकू काढला. खांब उन्हापावसाने राखेसारखे करडे पडलेले. त्याने एकाचा वरचा थर खरवडला. आतून पिवळा धमक उजेड बाहेर आला.

"ए, ए! काय चाललंय?" मेतोदी बादली टाकून धावला. "शेळ्या पळाल्या तर तू आणून देणार काय?"

वेलिकाने त्याला सगळं सांगितलं. तोवर गेन्को कुंपणाच्या टोकापर्यंत खरवडत गेला होता. अकरा खांब. दहा स्म्राद्लिकेचे, एवढे जाड की आता तसलं झुडूप कुठे उरलं नसेल. फाटकाजवळचा एकच ओकचा.

"हा तुम्ही बदललात का?" त्याने मेतोदीला विचारलं.

"मी कशाला बदलू? मी वाडा घेतला तेव्हापासून तो तसाच आहे."

वेलिका त्या ओकच्या खांबापाशी गेली आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली. रुसीने इथला वर्षानुवर्षं वाळलेला खांब उपटला, त्याची कावाल केली आणि जागी हा ओक रोवला. एवढी सोपी गोष्ट होती.

"बाबांनी कुंपण मोडून बासरी केली," शेवटी ती म्हणाली आणि हसायला लागली. "आई त्या वर्षी त्यांच्याशी महिनाभर बोलत नव्हती. कारण मला आज कळलं!"

"मला एक खांब हवाय," गेन्को मेतोदीला म्हणाला.

"दोन घे. एक तू नक्की फोडशील. पण दोन्हींच्या जागी ओकचे रोवून द्यायचे, आजच. माझ्या शेळ्यांना संगीत कळत नाही."

अंधार पडेस्तोवर दोघं खड्डे खणत होते.

मेतोदी बोलला तसंच झालं. पहिला तुकडा गिरमिटाखाली उभा चिरला. दुसऱ्याला गेन्कोने चार दिवस लावले. लेथवर फिरताना तो पिवळ्या ज्योतीसारखा दिसे आणि ढलप्या हिरवट सोनेरी पडत. मिताआजीसुद्धा दोनदा येऊन बघून गेली, टोमणा न मारता.

वेलिका घ्यायला आली तेव्हा नवा तुकडा जुन्या काळपट कावालवर अगदीच भडक दिसत होता.

"तेल लावून काळा करून देऊ?" गेन्कोने विचारलं.

"नको. राहू दे तसाच. आपोआप होईल."

ती तिथेच, लाकडाच्या भुशात उभी राहून वाजवू लागली. पहिला सूर फुसका गेला. तिने तुकडा जरासा फिरवला, परत फुंकलं. मग आला तो आवाज, खोल आणि घोगरा. मिताआजी ओले हात पुसत दारात आली आणि गाणं संपेपर्यंत हलली नाही.

गेन्कोला मात्र त्यानंतर एक खोड लागली. आता तो कुठेही निघाला की त्याच्या खिशात चाकू असतो. कुणाच्या मळ्यातली द्राक्षांची मेढ, कुणाच्या शेडचा वासा, जुन्या मागाचा तुटका दांडा, जे दिसेल ते आत काय आहे म्हणून खरवडून बघतो. गेल्या रविवारी तर चर्चमागच्या बाकालाच चाकू लावताना लोकांनी त्याला पकडलं.

"ओक आहे," तो जरा हिरमुसून म्हणाला आणि पुढच्या बाकाकडे गेला.