आठ लिहून टाक म्हणे!

मी रक्त तपासणारे एक जुने यंत्र आहे आणि मला माझ्या वयाची मुळीच लाज वाटत नाही. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका लॅबमध्ये मी चौदा वर्षे काम करते आहे. मी आले तेव्हा मला हार घातला, पेढे वाटले. आता मालक चनबसप्पा मला डबडे म्हणतात. म्हणू देत.

मित्रांनो, हाडे अनेक रोगांनी दुखतात आणि एक्स-रेत ती पुष्कळदा सारखीच विरळ दिसतात. वयाने झिजली असतील, तर रक्तातले कॅल्शियम बहुधा ठीक असते. ड जीवनसत्त्व फार कमी पडले, तर कॅल्शियम घटू शकते. पण गळ्यातली दाण्याएवढी ग्रंथी बिघडली, तर ती हाडांतले कॅल्शियम ओढून रक्तात आणते. एक्स-रेला न दिसणारी गोष्ट मला दिसते!

उन्हाळ्यात सांगोल्याकडच्या मायाक्का आल्या. जन्मभर मेंढरांमागे चाललेल्या बाईंना चार पावले टाकवत नव्हती. हाडांसाठी त्या ताकातून गव्हाएवढा चुना खात होत्या. कॅल्शियम कमी निघाले तर तो दुप्पट करायचा, असे घरी ठरले होते.

मी आकडा दिला, साडेबारा. तो साडेआठ ते साडेदहा हवा.

"हाडं ठिसूळ, मग कॅल्शियम वाढंल कसं? बिघडलंय ते डबडं. आठ लिहून टाक," चनबसप्पा तंत्रज्ञ सोनमला म्हणाले.

मला संताप आला. ठाऊक असलेल्या आकड्याचा नमुना देऊन रोज सकाळी माझी परीक्षा घेतात. त्या दिवशीही मी पास झाले होते.

सोनमने तोच नमुना पुन्हा लावला. साडेबारा. दंडाला पट्टा फार वेळ आवळला तर आकडा थोडा चढतो, म्हणून तिने पट्टा न बांधता नवे रक्त घेतले. तरी साडेबारा.

"सर, आठ मी लिहिनार न्हाय," ती शांतपणे म्हणाली. "खाली सही माजी हाय."

तो आकडा पाहून डॉक्टरांनी चुना बंद केला आणि ग्रंथीच्या संप्रेरकाची तपासणी सांगितली. ग्रंथीत गाठ निघाली, ती काढली. परवा मायाक्का आल्या होत्या. दुखणे पुरते गेलेले नाही, पण कळपामागे ओढ्यापर्यंत जाते म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात नवे यंत्र येणार आहे. येऊ दे. मित्रांनो, त्याला वेळेवर पुसा, रोज त्याची परीक्षा घ्या, चुकले तर खुशाल बंद करा. पण आकडा मनाला पटला नाही म्हणून बदलू नका. त्या दिवशी आठ लिहिले असते, तर सही सोनमची झाली असती आणि हाडे मायाक्कांची मोडली असती.