बुरुजावरून दिसलेलं गाव

उम्म सुआदने कौसरच्या वहाणा उचलल्या आणि आपल्या पिशवीत टाकल्या.

"अनवाणीच फिरायचं असतं. पायथ्याशी एक पूर्ण फेरी, मग थेट शेंड्यापर्यंत. मध्ये टेकलीस तर मुलगा विसर."

"आणि भर दुपारीच?"

"नम्रूद राजाचा हा बुरूज दुपारीच जळाला होता. आमच्या सासूबाई सांगायच्या."

सासूबाई असलं काही सांगत नव्हत्या. बिर्स गावच्या बायका मुलासाठी समोरच्या टेकाडावरच्या इब्राहिमांच्या दर्ग्यात जात. हा नवस उम्म सुआदने काल कणीक मळता मळता रचला होता. तिला तिन्ही मुलीच झाल्या, म्हणून नवऱ्याने, जब्बारने, वर्षापूर्वी ही विशीतली पोर दुसरी बायको करून आणली. तेव्हापासून उम्म सुआदचं अंथरूण धान्याच्या खोलीत पडत होतं.

कौसर चालू लागली. बुरुजाच्या विटा कधीकाळी आगीत वितळून काळ्या काचेसारख्या झाल्या होत्या आणि त्यांचे तुकडे उतारभर विखुरले होते. उम्म सुआद दर्ग्याच्या भिंतीला टेकून बसली. कौसरने एकदम पाय वर घेतला, वाकून तळवा पाहिला आणि तो पुन्हा खाली टेकवला.

उम्म सुआदने काकडी चिरली, तिला मीठ लावलं.

पोरगी अर्ध्यातून रडत परत येईल आणि उद्या तंदूरवर जमणाऱ्या बायकांना हा किस्सा रंगवून सांगता येईल, असा तिचा हिशेब होता. पण कौसर चढत राहिली. माथ्यावरच्या दुभंगलेल्या भिंतीपाशी पोचल्यावर तिने डोळ्यांवर हात धरला आणि गावाकडे बघत उभी राहिली. बराच वेळ. उतरताना मात्र तिची पावलं भराभर पडत होती.

"एवढं काय मागत होतीस गं?"

"काहीच नाही. नवस खोटा आहे, हे मला सकाळीच कळलं होतं. दर्ग्यातली म्हातारी दारावरून जात होती, तिला विचारलं, तर ती पोट धरून हसली."

उम्म सुआदचा घास तोंडातच राहिला.

"मग पाय कशाला फाडून घेतलेस, वेडे?"

"नवसाचं निमित्त नसतं तर मला इथवर कोणी सोडलं असतं?" कौसर खाली बसून तळव्यातली कपची काढू लागली. "माथ्यावरून सगळं गाव दिसतं, उम्म सुआद. ते आज हिल्ल्याला गेलेत ना, बियाणं आणायला?"

"हो."

"त्यांची गाडी हाजी मिझहिरच्या दारात उभी आहे. अंगणात कोकरू कापतायत."

हाजी मिझहिरची धाकटी मुलगी लग्नाची होती. ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

रोट्यांचं फडकं फाडून उम्म सुआदने कौसरचे दोन्ही पाय आवळून बांधले, वहाणा तिच्या पुढ्यात ठेवल्या आणि गुडघ्यांवर हात देत उठली.

"चल. मला दाखव."

वीस वर्षांत ती वर चढली नव्हती. शेवटच्या चढणीवर कौसरने मागून तिला रेटा दिला.

माथ्यावर वारा होता. खाली खजुरीच्या झाडांपलीकडे पांढरी गाडी दिसत होती, वर निळी ताडपत्री. ती उम्म सुआदनेच शिवली होती. अंगणात चटईवर माणसं बसली होती आणि मधल्या माणसाला कॉफी दिली जात होती. कौसरला मागणी घालायला गेला, त्या दिवशीही जब्बार बियाणं आणायला जातो असंच सांगून निघाला होता.

"बरं वाटलं असेल तुम्हाला," कौसर म्हणाली. "चांगली जिरली माझी."

वाटायला हवं होतं. उम्म सुआदने थोडा वेळ वाट पाहिली. पण तसं काही वाटेना. तिने अबायाच्या टोकाने तोंड पुसलं.

"तुझे भाऊ संध्याकाळी घरी असतात?"

"चौघेही."

"माझेही असतात." उतरण्यासाठी उम्म सुआदने तिचा दंड धरला. "आधी तुझ्या माहेरी जाऊ. ते वाटेवर पडतं."