ताडीतली गोळी

पंढरी मरायला टेकला होता आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

शेलार गावातल्या आमच्या दवाखान्यात सकाळी त्याला टेम्पोतून आणला. मी तिथं नर्स. आदल्या दिवशी त्याच्या पोरीची हळद होती. पाहुण्यांची ताडी संपली तेव्हा कोणीतरी त्याच्या ताडीच्या दुकानातला कॅन उचलून आणला. पंढरी आधीच दारूनं टुन्न, वर तीही ढोसली. आता अंगाला हळद तशीच, ओठ निळे, श्वास कुठं आहे ते शोधावं लागत होतं.

दोन वर्षांपूर्वी, एक्क्याण्णव साली, माझा भाऊ सावळाराम लूमवरची शिफ्ट संपवून थोडी दारू प्यायला, वर ह्याच्या दुकानातली ताडी. घरी येऊन झोपला तो उठलाच नाही. ताडी पाणचट झाली की हा मेला त्यात झोपेच्या गोळ्या कुटून घालायचा, अख्ख्या गावाला ठाऊक. पोलिसांनी लिहिलं, अतिमद्यपान. आणि हा आमच्या दारात येऊन आईला काय म्हणाला? "पचत न्हाय तर प्यायचा कशाला?" तेव्हापासून आई गावात मान वर करून चाललेली नाही.

"सिस्टर, मुंबईहून आणलेलं ते इंजेक्शन काढा," डॉक्टर चिंतामणी म्हणाले.

एकच होतं. "संपलं," मी म्हटलं. जीभ कशी रेटली, देव जाणे.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, मेंदूत एक रिसेप्टर असतो, कुलूपच म्हणा. दारू ते एका जागी दाबते, गोळी दुसऱ्या जागी. दोन्ही एकदम दाबली की मेंदू श्वास घ्यायचंही विसरतो. ते इंजेक्शन गोळीला तिच्या जागेवरून हुसकावतं. दारूला नाही."

"म्हणजे नुसती दारू प्यायलेला माणूस त्यानं उठणार नाही?"

"नाही. हा उठला, तर गोळी होती समजा."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा असाच मेला असता तर ह्याच्याही नावापुढं तेच लिहिलं असतं, अतिमद्यपान. आणि गोळ्यांची गोष्ट ह्याच्याबरोबर जळून गेली असती.

"थांबा, कपाटात बघते," म्हटलं. जबाब घ्यायला आलेले हवालदार दारात बिडी ओढत होते. त्यांना ओढूनच खाटेपाशी आणलं, डॉक्टरांचं बोलणं पुन्हा ऐकवलं, आणि सुई भरून दिली. जग, भाड्या. माझ्या भावाच्या नावावरचा डाग धुवायला जग.

दोन मिनिटांत पंढरीनं डोळे उघडले. पाणी मागितलं. त्याची बायको माझ्या पायाच पडली. "पोरी, तुजं उपकार कसं फेडू?"

"काकी, काय प्यायले ते तेवढं हवालदारांना सांगा."

"दारू, आन् वर आमच्याच दुकानातली ताडी. दुसरा काय न्हाय, देवाशप्पत!"

पंढरी "गप ए" म्हणायला गेला, पण जीभ जड होती.

"कॅन अजून मांडवात हाय, अर्धा भरलेला. दाखवू?"

"दाखवा की," मी म्हटलं आणि हवालदारांनी लिहून घेतलेल्या जबाबाखाली उठवायला तिचा अंगठा शाईवर टेकवला.