छडी थांबते तिथे

"हे नाव चुकलंय," नेदा म्हणाली.

लाचेझारने कार्यक्रमपत्रिकेच्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. रविवारच्या जत्रेत गावाचं नृत्यपथक त्याच्या हुकमाखाली नाचणार होतं, आणि या घडीला तो बायकांच्या रांगेतल्या टाचा तपासत होता. "काय चुकलंय? ढोल : मिंको दार्दोव. बरोबर तर आहे."

"बाबांनी नाही वाजवलेला. मी वाजवलाय."

"तुम्ही नाही, नेदाताई. कॉम्प्युटरने."

"मग बसही इंजिनच चालवतं म्हण की. ड्रायव्हर कशाला ठेवता?"

रांगेतली जाडजूड दोब्रिंका फिस्सकन हसली. लाचेझार नाही हसला. "मिंकोकाकांच्या नावाला वजन आहे. लोक ऐकायला येतील. तुम्ही म्हणजे... कसं सांगू?"

सांगायची गरज नव्हती. नेदा एकोणतीस वर्षं बसस्थानकाच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा पुकारत होती. साऱ्या गावाच्या कानात तिचा आवाज होता, पण त्या आवाजाला स्वतःचं काही म्हणायचं असेल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिचा बाप मात्र पंचक्रोशीतल्या लग्नांचा राजा होता. खांद्याला ढोल, उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक छडी. ढोल हे पुरुषाचं काम, म्हणून त्याने तो मुलाला, स्तामेनला, शिकवला. दगडाला पाझर फुटला असता, पण स्तामेनच्या हाताला ताल काही फुटला नाही. बाप तासन् तास त्याच्यावर ओरडायचा, आणि आत भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलत बसलेली नेदा टेबलावर दोन्ही हातांनी तेच बिनचूक वाजवायची. एकदा बापाने ते पाहिलं. "मिरच्या सोल," एवढंच म्हणाला. तिला भावाचा हेवा वाटायचा तो ढोलाचा नव्हे, त्या शिव्यांचा.

स्तामेन स्पेनला ट्रक चालवायला गेला. बापाचा उजवा हात लुळा पडला. गावात ढोल वाजवणारा कुणी उरला नाही, आणि पथक विकतच्या गाण्यांवर नाचू लागलं. तेव्हा नेदाने एक जुना लॅपटॉप घेतला आणि पंचावन्नाव्या वर्षी ताल रचायचा प्रोग्राम शिकायला बसली. परसातल्या खोलीचं दार लावून तिने बापाच्या ढोलावर एकेक ठोका मारला आणि रेकॉर्ड केला. पण तयार चाल काही तिने भरली नाही. तिने प्रोग्रामला नियम घालून दिले. टिपरू मुख्य ठोका सोडणार नाही. छडी शंभरातल्या सत्तर वेळा पडेल, तीसदा नाही, आणि कुठे पडायचं नाही ते दर फेरीला नव्याने ठरेल. खरा ढोलकरी एकच फेरी दोनदा वाजवतो का कधी? मग त्याच्या मशीनने तरी का वाजवावी?

"नाव राहू दे," लाचेझार म्हणाला. "आधी तुमचा ताल नीट करू. तिसरा ठोका लांबतोय. सात मात्रा : दोन, दोन, तीन. तुमचे तीन जरा जास्त भरतायत. मशीनची चूक आहे."

"आपल्याकडे मोजत नाहीत. आखूड, आखूड, लांब. लांब म्हणजे पाय टेकेपर्यंत."

"मी राजधानीत चार वर्षं शिकलोय, नेदाताई." असं म्हणून त्याने पुढे होऊन स्वतःच तिच्या लॅपटॉपवरचं एक बटण दाबलं. स्क्रीनवरचे सगळे ठोके घरंगळत आपापल्या चौकटीत जाऊन बसले.

बायका नाचू लागल्या. म्हणजे कवायत करू लागल्या. दोब्रिंका चौथ्या फेरीला थांबलीच. "अरे, माझी टाच खाली यायच्या आत हा पुढे पळतोय! नाचवतोयस की मोर्चा काढतोयस?"

नेदाने त्याचा हात लॅपटॉपवरून उचलून बाजूला ठेवला. त्याने केलेले बदल पुसले आणि तिचा ताल पुन्हा लावला. "परत हात लावलास, तर रविवारी तोंडाने ढोल वाजव."

लांब ठोका पाय टेकेपर्यंत थांबला आणि रांग लाटेसारखी उसळली.

त्याच वेळी दारात काठी वाजली. लाचेझारने खास बोलावलेला मिंको आला होता. त्याची नजर गेली होती, कान शाबूत होते. "या काका! तुमचाच ढोल ऐकवतो, बसा," लाचेझारने खुर्ची पुढे केली.

म्हातारा हनुवटी काठीवर टेकून ऐकू लागला. सहा फेऱ्या झाल्या. सातवीला नेदाने घातलेला एक नियम लागू झाला, जो बापाच्या कुठल्याही कॅसेटमध्ये नव्हता. छडी पूर्ण गप्प झाली आणि जाड टिपरू एकटंच चालत राहिलं.

"बंद करा!" मिंको गरजला. "छडी कुठं गेली?"

"थांबवली," नेदा म्हणाली.

"छडी थांबत नसते! साठ वर्षांत मी एकदा थांबवली नाही. कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. तिथे ती थांबणारच, बाबा."

"चूक आहे."

"असू दे. थांबणार."

नेदाचे कान तापले होते, आणि तरी तिला मनातून लख्ख आनंद झाला होता. जन्मात पहिल्यांदा बाप तिच्यावर ढोलावरून ओरडत होता.

"लाचेझार," मिंको म्हणाला, "कागदावर माझं नाव घातलंयस म्हणे. खोड ते. मी असं वाजवत नाही."

"पण काका, लोक तुमच्या नावावर येणार..."

"लोक कबाब खायलाही येतात."

"मग कुणाचं लिहू?"

"जिची चूक तिचं."

नेदाने लाचेझारच्या खिशातलं पेन काढून घेतलं. बापाच्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि खाली आपलं नाव लिहिलं, आडनावासकट, मोठ्या अक्षरात.

मिंकोने खुर्ची स्पीकरच्या आणखी जवळ ओढली.

"लाव पहिल्यापासून," तो म्हणाला. "अजून कुठे कुठे चुकलीयस, बघू दे."