ट्रॅक्टरचं तेल माझ्या पोटात

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी पक्का जळकुकडा आहे. माझ्या शेजारी इंजिन राहतं. आम्ही दोघं एकाच कारखान्यातून, एकमेकांना बोल्टने आवळून बाहेर पडलो. पण त्याचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

तुम्हीच सांगा, हा न्याय आहे का? इंजिनाचं तेल बघायला एक काडी असते. बॉनेट उघडायचं, काडी ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. तेल फार कमी झालं की समोर लाल दिवा लागतो आणि घरभर धावपळ. मला काडी नाही, दिवा नाही. दसऱ्याला झेंडूची माळ बॉनेटवर, हळदकुंकू बॉनेटवर. मी खाली, चिखलाच्या बाजूला. माझ्या दातांत दात बसतात तेव्हा कुठे चाकं फिरतात, पण पाहुणे म्हणणार काय? "नाना, इंजिन अजून टकाटक आहे हं!" अशा वेळी माझा नुसता तिळपापड होतो.

नाना म्हणजे माझे मालक, तोताराम नाना. रावेरकडे त्यांची केळीची बाग आहे, पण मुलांच्या शिक्षणासाठी ते जळगावला, पिंप्राळ्यात राहायला आले. घरात पत्नी लताबाई, मुलगा चंदन आणि धाकटी मोनाली. उमेदीच्या वर्षांत मी या सगळ्यांना बागेत नेलं, भडगावच्या लग्नांना नेलं, एकदाही रस्त्यात अडून बसलो नाही. त्याबद्दल कुणी शाबासकी दिल्याचं मला तरी आठवत नाही.

पुढे माझं तेल अडवणारं एक रबरी सील झिजलं आणि तेल गळू लागलं. मेकॅनिकने सील बदललं आणि म्हणाला, तेल तेवढं भरून घ्या. नानांनी ते घरीच भरलं. शेतावर ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा पडला होता, तोच उचलून आणला. काकवीसारखं घट्ट तेल.

"अहो, हे गाडीले चालते का?" लताबाईंनी विचारलं.

"ट्रॅक्टर त्याच्यावर नांगर ओढतो. मंग ह्याले काय धाड भरली?" नाना म्हणाले, आणि सगळं माझ्या पोटात ओतलं.

इंजिनाला मात्र दुकानातून सीलबंद डबा! मला दुसऱ्याच्या घरचं उरलंसुरलं. कसा जळणार नाही मी?

त्या तेलाने माझं अंग जड झालं. सकाळी गार असताना दुसरा गिअर पडेचना. जोर केला की खर्रर्र! आता गंमत बघा. चंदनच्या हातून खर्रर्र झालं की नाना म्हणायचे, "गाडी जुनी झाली भो." मोनालीच्या हातून झालं की, "तुले गिअर टाकता येत नाही वं पोरी." आवाज तोच, माझाच, आणि बोलणी तिला. मला फार वाईट वाटायचं, पण खडखडण्याशिवाय मला दुसरं बोलता कुठे येतं?

अशातच मोनालीला पाचोऱ्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी लागली. ड्यूटी पहाटेची, आणि त्या वेळेला सोयीची बस नाही. गाडी मिळाली तरच नोकरी. पण चंदन धुळ्याला कामाला होता, त्यालाही गाडी हवी होती, आणि नानांनी ठरवूनच टाकलं.

"गाडी चंदन नेईल. मोनाली एखाद दिवशी गिअरबॉक्स तोडून ठेवेल."

बघा, इतक्या वर्षांत माझं नाव निघालं, तेही असं!

मोनाली रडली नाही, चिडली. "नाना, रविवारी तुम्ही शेजारी बसा. गिअर वाजला तर दादाने खुशाल न्यावी." नाना बरं म्हणाले. चंदनने आपली बॅग आधीच डिकीत टाकून ठेवली.

रविवारी सकाळी मोनालीने मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढची बाजू जॅकवर घेऊन खाली भक्कम ओंडके ठेवले आणि ती गाडीखाली शिरली. मेकॅनिकला नीट विचारून आली होती. तेल भरायचा वरचा बोल्ट तिने आधी सैल करून पाहिला. तो निघालाच नसता आणि खालचा उघडला असता, तर मी रिकाम्या पोटी बसलो असतो. मग घमेलं सरकवून तिने खालचा बोल्ट काढला. तेल येता येईना. लताबाईंनी वाकून त्यात बोट बुडवलं.

"माय वं! हे तं तुम्ही ओतलेलं तेच ट्रॅक्टरचं तेल हाये!"

नानांनी घमेल्यात पाहिलं आणि ते चपला शोधायला लागले.

मग मोनालीने पिशवीतून डबा काढला. सीलबंद! माझ्यासाठी! माझ्या जातीचं पातळ तेल! मी इंजिनाकडे बघून घेतलं. म्हटलं, आता तू जळ. तिने खालचा बोल्ट घट्ट केला, गाडी पुन्हा सपाट उभी केली आणि नळी लावून हळूहळू तेल सोडलं. वरच्या भोकातून ते परत टपकायला लागलं तेव्हा थांबली आणि तोही बोल्ट आवळला. माझं अंग कसं मोकळं झालं म्हणून सांगू!

नाना शेजारी बसले, चंदन मागे. उड्डाणपुलाच्या चढावर केळी भरलेली ट्रॉली रांगत होती. वेग पडला. आता दुसरा गिअर टाकावाच लागणार होता. नानांनी सीट घट्ट धरली. मोनालीने क्लच दाबला, दांडा ओढला, आणि मी अगदी अलगद बसलो. चूं नाही की चां नाही.

नाना म्हणाले, "इंजिन आज मस्त चालू राह्यलं."

असा संताप आला मला! पण मोनाली रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "नाना, इंजिनाला मी हातसुद्धा लावला नाही."

मित्रांनो, एवढं ऐका माझं. घरातलं कुणी खडखडायला लागलं, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याला जमत नाही असं म्हणण्याआधी आपण त्याच्या पोटात काय ओतलंय ते बघा. तुमची एखादी पहाटेची नोकरी जाणार नसेल, पण कुणाची तरी जाते.

गाडी अंगणात थांबली. नाना उतरले, डिकी उघडली आणि चंदनची बॅग स्वतः काढून ओट्यावर ठेवली.

"चंदन," ते म्हणाले, "धुळ्याची बस किती वाजता हाये रे?"